शटडाऊन संपवणारा शब्द: पक्षनेत्यांच्या वाटाघाटींवर किती विसंबावे?

उत्तररात्र (धागाकर्ता)

२२ जानेवारी २०१८ च्या दुपारी अमेरिकी सिनेटने ८१ विरुद्ध १८ मतांनी तीन दिवसांचा शटडाऊन, म्हणजे खर्चाला मंजुरी नसल्यामुळे बंद पडलेले सरकारी कामकाज, संपवण्याचा मार्ग मोकळा केला, तेव्हा मी न्यू जर्सीतल्या कार्यालयात होतो. माझ्या शेजारी बसणारी सहकारी चार वर्षांची असताना आईवडिलांबरोबर मेक्सिकोतून आली होती आणि डीएसीए योजनेखाली मिळालेल्या परवान्यावर नोकरी करत होती. बातमी वाचून तिने मला एवढेच विचारले, की सरकार सुरू झाले हे समजले, पण माझे काय ठरले? मला उत्तर देता आले नाही. तो प्रश्न अजूनही मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना पार्श्वभूमी आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लहानपणी कागदपत्रांविना अमेरिकेत आणल्या गेलेल्या मुलांना, म्हणजे ज्यांना तिथे ड्रीमर्स म्हणतात त्यांना, हद्दपारीपासून तात्पुरते संरक्षण आणि कामाचा परवाना देणारी डीएसीए योजना ओबामा प्रशासनाने १५ जून २०१२ रोजी जाहीर केली. तो कायदा नव्हता, प्रशासकीय निर्णय होता. ५ सप्टेंबर २०१७ रोजी ट्रम्प प्रशासनाने ती योजना गुंडाळण्याची घोषणा केली आणि ५ मार्च २०१८ पर्यंतची मुदत ठेवून, काय कायदा करायचा तो काँग्रेसने, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृह मिळून बनलेल्या तिथल्या संसदेने करावा, असे सांगितले. सुमारे सात लाख तरुणांचे भवितव्य असे काँग्रेसच्या हाती आले. त्याच सुमारास, १९ जानेवारीच्या मध्यरात्री, सरकारी खर्चाच्या मंजुरीची मुदत संपत होती. सिनेटमध्ये रिपब्लिकन पक्षाचे ५१ सदस्य होते आणि खर्चाचे विधेयक पुढे सरकवायला ६० मते लागतात, त्यामुळे अल्पमतातल्या डेमोक्रॅट पक्षाच्या हाती दबाव आणण्याचे हे एकच साधन होते.

१९ तारखेला डेमोक्रॅट नेते चक शूमर व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्षांबरोबर जेवले आणि ड्रीमर्सच्या बदल्यात सीमेवरच्या भिंतीसाठी पैसे देण्याची तयारी त्यांनी दाखवली. आपल्या पक्षाला सर्वात जड जाणारी गोष्ट त्यांनी स्वतः ताटात वाढली होती. तासाभरात तडजोड होईल असे वाटत असतानाच, एवढ्याने भागणार नाही, असा निरोप व्हाइट हाऊसचे चीफ ऑफ स्टाफ जॉन केली यांच्याकडून फोनवर आला. रात्री मतदान झाले, ५० विरुद्ध ४९ मते पडली, साठचा आकडा गाठला गेला नाही आणि शटडाऊन सुरू झाला. तो सोमवारी संपला तो रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांच्या एका शब्दावर. ८ फेब्रुवारीपर्यंत तोडगा निघाला नाही तर स्थलांतराचा विषय सभागृहासमोर आणण्याचा आपला इरादा आहे आणि ती चर्चा कोणाच्याही बाजूने झुकलेली नसेल, एवढेच त्यांनी सांगितले होते. शूमर यांनी ते मान्य केले. त्यांच्यासह गटातल्या ३३ सदस्यांनी होकार दिला. सँडर्स, वॉरन आणि कमला हॅरिस यांच्यासह १६ जणांनी नकार दिला.

पुढे काय झाले हे महत्त्वाचे आहे, कारण मॅकॉनेल यांनी शब्द मोडला नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर त्यांनी विषय खरोखरच सभागृहासमोर आणला. १५ फेब्रुवारीला चार प्रस्तावांवर मतदान झाले आणि चारही पडले. रिपब्लिकन सिनेटर सुसान कॉलिन्स यांच्या पुढाकाराने जमलेल्या दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी सुमारे १८ लाख ड्रीमर्सना नागरिकत्वाची वाट आणि सीमेसाठी २५ अब्ज डॉलर अशी तडजोड मांडली होती. तिला ५४ विरुद्ध ४५ मते मिळाली. बहुमत मिळाले, साठ मिळाली नाहीत. राष्ट्राध्यक्षांना हव्या असलेल्या प्रस्तावाला तर ३९ मते पडली आणि ६० विरोधात गेली.

म्हणून मला वाटते, की नेता प्रामाणिक आहे की लबाड, या प्रश्नाभोवती आपण उगाच फिरत राहतो. मॅकॉनेल यांच्या हातात सिनेटचे वेळापत्रक होते आणि त्यांनी तेवढेच देऊ केले. साठ मते, प्रतिनिधिगृहाची संमती आणि राष्ट्राध्यक्षांची सही यांपैकी काहीही त्यांच्या खिशात नव्हते. प्रतिनिधिगृहाचे सभापती पॉल रायन यांनी कसलेच आश्वासन दिलेले नव्हते. शूमर यांची चूक विश्वास ठेवण्यात झाली असे मी म्हणणार नाही. चर्चेची संधी मिळाली होती आणि ती निकाल मिळाल्यासारखी लोकांपुढे ठेवली गेली, ही खरी चूक होती. आपणा सर्वांचे मत जाणून घ्यायला आवडेल, विशेषतः ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांचे.

चौकट

मुद्दा नेमका मांडला आहे, तरीही मला त्यात एक भर घालायची आहे आणि एका ठिकाणी मतभेदही नोंदवायचा आहे.

भर अशी, की या सौद्याच्या जेमतेम महिनाभर आधी असाच एक शब्द वाया गेला होता आणि तो सर्वांच्या डोळ्यांसमोर गेला होता. डिसेंबर २०१७ मध्ये करकपातीच्या विधेयकाला मत देताना कॉलिन्स यांनी मॅकॉनेल यांच्याकडून आरोग्यविम्याचा बाजार स्थिर ठेवणाऱ्या विधेयकांना पाठिंबा देण्याचे आश्वासन घेतले होते. करांचे विधेयक मंजूर झाले, विम्याची विधेयके मात्र वर्षअखेरीस आली नाहीत आणि नंतरही कायद्यात उतरली नाहीत. तिथेही अडथळा मुख्यतः प्रतिनिधिगृहाचा होता. म्हणजे एका सभागृहाच्या नेत्याचा शब्द दुसऱ्या सभागृहात चालत नाही, हा धडा ताजा असतानाच जानेवारीत तोच व्यवहार पुन्हा केला गेला.

मतभेद असा, की आपल्या मांडणीतून नेते बाजूला सारून मधल्या फळीतल्या समंजस सदस्यांवर भिस्त ठेवावी, असा अर्थ निघू शकतो. तसा अनुभव मात्र नाही. २०१३ मध्ये दोन्ही पक्षांच्या आठ सिनेटरांनी महिनोन्महिने बसून स्थलांतराचे सर्वंकष विधेयक तयार केले आणि २७ जून रोजी सिनेटने ते ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केले. इतके मोठे बहुमत या विषयावर क्वचितच मिळते. पण सभापती जॉन बेनर यांनी ते प्रतिनिधिगृहात मतदानाला घेतलेच नाही आणि ते तिथेच विरले. पुढच्या वर्षी जून महिन्यात त्यांचे सहकारी, बहुमताचे नेते एरिक कँटर, व्हर्जिनियातल्या स्वतःच्या पक्षांतर्गत निवडणुकीत हरले, आणि त्या प्रचारात स्थलांतराविषयीच्या मवाळपणाचा आरोप त्यांच्यावर सतत होत होता. ते पाहिल्यावर दुसरा कोणता नेता पुढे येणार होता?

२०१८ च्या उन्हाळ्यात प्रतिनिधिगृहातल्या काही रिपब्लिकन सदस्यांनी नेत्यांना वळसा घालून सह्यांच्या अर्जाद्वारे विषय सभागृहात आणण्याचा प्रयत्न केला. २१८ सह्या हव्या होत्या, दोन कमी पडल्या. जून महिन्यात नेत्यांनी स्वतः आणलेली दोन विधेयकेही पडली. त्यांतले तडजोडीचे म्हणून आणलेले विधेयक तर १२१ विरुद्ध ३०१ इतक्या फरकाने पडले. नेता नको म्हणून चालत नाही. आपल्या माणसांना मागे आणू शकणारा नेता लागतो.

सीमेलगत

मी टेक्सासमध्ये दक्षिण सीमेपासून फार दूर राहत नाही आणि सीमेवर बंदोबस्त असावा असे मानणाऱ्यांपैकी आहे. धाग्यात आतापर्यंत डेमोक्रॅट बाजूला कसे फसल्यासारखे वाटले हे आले आहे. दुसऱ्या बाजूच्या मतदाराचा अविश्वास कुठून येतो, हेही मांडणे मला आवश्यक वाटते, कारण तो समजून घेतल्याशिवाय रिपब्लिकन नेते टेबलावरून का उठून जातात हे कळणार नाही.

तो १९८६ पासूनचा आहे. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये रोनाल्ड रेगन यांनी सही केलेल्या कायद्यात सरळ देवाणघेवाण होती: आधीपासून राहत असलेल्यांना कायदेशीर दर्जा द्यायचा आणि यापुढे कागदपत्रे नसलेल्यांना कामावर ठेवणाऱ्या मालकांना शिक्षा करायची. पहिला भाग पूर्ण झाला आणि सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला. दुसरा भाग कागदावर राहिला. खोटी कागदपत्रे दाखवली गेली, मालकांनी ती डोळे मिटून स्वीकारली, आणि पुढच्या वीस वर्षांत कागदपत्रांविना राहणाऱ्यांची संख्या एक कोटीच्या पलीकडे गेली. दर्जा एकदा दिला की परत घेता येत नाही. अंमलबजावणी मात्र दरवर्षी नव्याने पैसे मागते आणि दरवर्षी टाळता येते. त्यामुळे आमच्या भागातल्या मतदाराला "आधी दर्जा, बंदोबस्त नंतर" हे वाक्य ऐकले की १९८६ आठवते. २००६ मध्ये सीमेवर सुमारे ७०० मैल कुंपण घालण्याचा कायदा सिनेटने ८० विरुद्ध १९ मतांनी मंजूर केला होता आणि त्याला खुद्द शूमर यांचेही मत होते. त्याच नेत्यांना नंतर भिंत हा शब्द उच्चारणेही नको झाले, तेव्हा शब्द कोण फिरवतो हा प्रश्न आम्हीही विचारला.

ड्रीमर्सच्या विरोधात मी नाही. आमच्या मुलांबरोबर शिकलेली ती मुले आहेत आणि त्यांना परत पाठवणे मला अन्यायाचे वाटते. पण दोन्ही बाजूंना आपापला फसवणुकीचा इतिहास पाठ आहे आणि नेते बोलायला बसतात तेव्हा तो इतिहासही त्यांच्याबरोबर बसलेला असतो, हे ध्यानात घ्यायला हवे.

घटनावाचक

मी पुण्यात राहतो आणि हा धागा आवडीने वाचत आहे. एक मूलभूत शंका विचारतो. दोन पक्षांचे एकमत झाले नाही म्हणून सरकारी कार्यालयांना कुलूप लागावे, हे आपल्याकडे कधी ऐकले नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेतच तसे लिहिले आहे का?

चौकट

राज्यघटनेत एवढेच लिहिले आहे, की कायद्याने मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही. १८८४ पासून असलेल्या एका कायद्याने मंजुरीविना खर्चाची जबाबदारी अंगावर घेण्यास अधिकाऱ्यांना मनाई केली. तरीही कित्येक दशके मंजुरीत खंड पडला तर कार्यालये काटकसरीने का होईना, सुरू राहत. १९८० मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी असा अभिप्राय दिला, की मंजुरी नसेल तर काम थांबवलेच पाहिजे. पुढच्या वर्षी त्यांनी जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणाची कामे त्यातून वगळली. आज ज्याला शटडाऊन म्हणतात तो त्या अभिप्रायातून जन्मला आहे, म्हणजे त्याचे वय पन्नास वर्षेही नाही.

आपल्याकडे मार्चअखेर अर्थसंकल्प मंजूर होणार नसेल तर अनुच्छेद ११६ खाली लेखानुदान घेतले जाते. शिवाय लोकसभेने सरकारला पैसाच नाकारला तर सरकारलाच जावे लागते. कार्यालये बंद पडण्याची वेळ येत नाही, मंत्रिमंडळ बदलते. तिसरा फरक या धाग्याच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आपला खासदार व्हिप मोडून मतदान करू लागला तर त्याचे सदस्यत्व धोक्यात येते, त्यामुळे पक्षनेत्याने शब्द दिला की मागची मते धरून चालता येतात. अमेरिकी सिनेटरला असे कोणी बांधू शकत नाही. तिथला नेता समित्यांवरची नेमणूक, निवडणूक निधी आणि सभागृहाचा वेळ यांच्या बळावर आर्जव करतो. तिथल्या वाटाघाटी आपल्या सवयीच्या चष्म्यातून पाहिल्या की नेता जेवढा आहे त्याहून मोठा दिसतो.

पोटोमॅककाठ

मी मेरीलँडमध्ये राहते. माझे यजमान एका केंद्रीय कार्यालयात नोकरीला आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेला शटडाऊन आमच्या घरात ३५ दिवस मुक्कामाला होता, म्हणून लिहीत आहे.

आम्हाला सगळ्यात जास्त त्रास झाला तो पहिल्या आठवड्यात. १९ डिसेंबरला सिनेटने ८ फेब्रुवारीपर्यंतच्या खर्चाचे विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केले होते. दोन्ही पक्षांच्या नेत्यांचे जमले होते, सिनेटर घरी निघाले होते, आम्हीही सुटीसाठी गाडीत सामान भरत होतो. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी सांगितले, की भिंतीचे पैसे नसलेल्या विधेयकावर ते सही करणार नाहीत. प्रतिनिधिगृहाने घाईने ५.७ अब्ज डॉलर घालून वेगळे विधेयक मंजूर केले, ते सिनेटमध्ये अडले, आणि २२ तारखेला कार्यालये बंद झाली. नंतर उपराष्ट्राध्यक्ष पेन्स यांनी शूमर यांना अडीच अब्जांचा आकडा सांगितला. आम्हाला वाटले, आता सुटले. थोड्याच दिवसांत राष्ट्राध्यक्षांनी तो आकडा जाहीरपणे झिडकारला. त्या दिवशी आमच्या घरात कोणी कोणाशी बोलले नाही. शेजारच्या खोलीतल्या माणसाला विचारल्याशिवाय ज्याला होकार देता येत नाही, त्याला वाटाघाटीला पाठवायचे तरी कशासाठी?

११ जानेवारीला पगाराच्या पावतीवर शून्य आले. सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांची तीच स्थिती होती. त्यांतले निम्म्याहून अधिक बिनपगारी कामावर जात होते. यजमान त्यांच्यापैकी होते, त्यामुळे पेट्रोलचा आणि पाळणाघराचा खर्च चालूच राहिला आणि मिळकत मात्र थांबली. वॉशिंग्टनमध्ये पेनसिल्व्हेनिया अॅव्हेन्यूवर कर्मचाऱ्यांसाठी मोफत जेवणाची सोय झाली होती. दोन दिवस यजमान तिथे जेवून आले, आणि रांगेत त्यांच्यापुढे पंचवीस वर्षे नोकरी झालेले गृहस्थ मान खाली घालून उभे होते, असे त्यांनी मला रात्री सांगितले. मी ते कधी विसरणार नाही.

मला नेत्यांच्या भाषणांपेक्षा एकच गोष्ट विचारावीशी वाटते. ज्यांच्या घरी पगार येतच राहतो, त्यांनी आमचा पगार पणाला लावून वाटाघाटी कराव्यात हे न्याय्य आहे का? मग विषय ड्रीमर्सचा असो किंवा भिंतीचा असो.

उत्तररात्र (धागाकर्ता)

पोटोमॅककाठ, आपण लिहिलेत हे फार बरे केलेत. आपला शेवटचा प्रश्न मी टाळणार नाही. २०१८ च्या जानेवारीत शटडाऊनचे हत्यार उचलावे असेच माझे मत होते, आणि माझ्या सहकारीकडे पाहताना ते आजही चुकीचे वाटत नाही. पण ३५ दिवसांचा अनुभव वाचल्यावर हे कबूल करावे लागते, की त्या हत्याराची किंमत ते उचलणारा कधीच मोजत नाही. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने त्या ३५ दिवसांत अर्थव्यवस्थेचे ११ अब्ज डॉलरचे नुकसान झाल्याचा आणि त्यातले ३ अब्ज कधीच भरून न येण्याचा अंदाज दिला होता; म्हणजे ज्या ५.७ अब्जांवरून भांडण होते त्याच्या निम्म्याहून अधिक रक्कम हवेत विरली.

तो शटडाऊन संपला कसा, याकडे लक्ष वेधतो, कारण चौकट यांच्या आक्षेपाचे माझे उत्तर तिथे आहे. ११ डिसेंबर २०१८ रोजी प्रतिनिधिगृहातल्या डेमोक्रॅट नेत्या नॅन्सी पलोसी, शूमर आणि राष्ट्राध्यक्ष ओव्हल ऑफिसमध्ये कॅमेऱ्यांसमोर भांडले आणि सीमेच्या सुरक्षेसाठी सरकार बंद पाडण्यात आपल्याला अभिमान वाटेल, असे राष्ट्राध्यक्षांनी तिथेच सांगून टाकले. एकदा असे जाहीर बोलल्यावर माघारीची वाट उरत नाही. ९ जानेवारीच्या बैठकीतून ते उठून गेले. मॅकॉनेल यांनी, राष्ट्राध्यक्ष सही करणार नसतील असे काहीही मतदानाला घेणार नाही, अशी भूमिका घेऊन स्वतःला बाजूला करून घेतले. २४ जानेवारीला सिनेटमध्ये दोन्ही बाजूंचे प्रस्ताव पडले. दुसऱ्या दिवशी विमान वाहतूक नियंत्रक पुरेशा संख्येने कामावर नव्हते म्हणून न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर येणारी विमाने काही काळ थांबवावी लागली, आणि त्याच दुपारी तीन आठवड्यांसाठी सरकार सुरू करण्याचे ठरले.

त्या तीन आठवड्यांत खरे काम झाले. दोन्ही सभागृहांच्या १७ सदस्यांची समिती बसली. शेल्बी, लेही, निटा लोवी आणि के ग्रेंजर हे खर्चाची विधेयके वर्षानुवर्षे हाताळलेले लोक तिच्या अग्रस्थानी होते. त्यांनी भिंत हवी की नको हा वाद सोडून किती मैल, कुठे आणि कशा प्रकारचे कुंपण हे प्रश्न घेतले आणि ५५ मैलांसाठी १.३७५ अब्ज डॉलरवर ते आले. सिनेटने ते ८३ विरुद्ध १६ आणि प्रतिनिधिगृहाने ३०० विरुद्ध १२८ मतांनी मंजूर केले. चौकट यांचे म्हणणे मला मान्य आहे, की नेत्यांच्या संमतीविना हेही झाले नसते. मात्र नेत्यांनी स्वतः बोलणी करण्याऐवजी जाणकारांना मुभा दिली, मुदत बांधून दिली आणि जे येईल त्यामागे उभे राहण्याची तयारी ठेवली. मला वाटते नेत्यावर विश्वास ठेवायचा तो एवढ्या कामासाठी ठेवावा.

अर्थात तोही तोडगा अर्धाच टिकला. १५ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सही केली आणि त्याच दिवशी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून भिंतीसाठी इतर खात्यांतला पैसा वळवला. सिनेटने ती आणीबाणी रद्द करण्याच्या बाजूने ५९ विरुद्ध ४१ मते दिली, राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरला. करार केल्यावर समोरचा पक्ष करारात न मिळालेली गोष्ट दुसऱ्या वाटेने घेणार असेल, तर पुढच्या वेळी कोण तडजोडीला बसेल, हा सीमेलगत यांनी १९८६ बाबत विचारलेलाच प्रश्न आहे. बाजू तेवढी बदलली आहे.

तुळशीवृंदावन

मी बऱ्याच दिवसांपासून इथे केवळ वाचत होते. आज लिहिते, कारण ज्यांचे नावही या टेबलावर येत नाही त्यांच्यापैकी आम्ही आहोत. आम्ही नाशिकहून आलो तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. आम्ही कायदेशीर व्हिसावर आलो, कर भरले, ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे राहिलो. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांमध्ये कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नाही, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षे नव्हे, दशके मोजावीत इतकी लांब आहे. मुलगी २१ वर्षांची झाली की आमच्या व्हिसावरून तिचे नाव गळते. डीएसीए तिला लागू होत नाही; त्या योजनेसाठी १५ जून २०१२ रोजी कायदेशीर दर्जा नसणे हीदेखील एक अट होती. म्हणजे आम्ही नियम पाळले, आणि तरीही ती त्या संरक्षणाबाहेर राहिली.

मला ड्रीमर्सचा हेवा नाही. त्यांची भीती मला आईच्या पोटातून कळते. पण शटडाऊनच्या धावपळीत जी तडजोड होते ती दोनच गोष्टींची होते, ज्यांवर आधीच भरपूर घोषणा झालेल्या असतात. पलोसी यांनी ७ फेब्रुवारी २०१८ रोजी प्रतिनिधिगृहात आठ तासांहून अधिक वेळ उभे राहून ड्रीमर्सच्या कहाण्या वाचून दाखवल्या, त्यातला बराचसा भाग मी ऐकला आणि रडलेही. त्या कहाण्यांमध्ये माझ्या मुलीसारख्या मुलांची कहाणी येईल का, याची मी वाट पाहत होते. रात्री अकराच्या आत तोडगा काढायचा असतो तेव्हा कोणीही नवा विषय ऐकून घेत नाही. म्हणून माझा आक्षेप अमुक नेत्याच्या शब्दाला नाही, स्थलांतराचा विचार मुदत संपण्याच्या रात्रीच होतो याला आहे.

मुलगी आता १९ वर्षांची आहे. आमच्याकडे दोन वर्षे आहेत.

सीमेलगत

तुळशीवृंदावन, आपल्या मुलीसारख्यांसाठी वेगळे विधेयक आणले तर आमच्या भागातला मतदारही त्याला विरोध करणार नाही, असे मला मनापासून वाटते. अडचण अशी आहे, की ज्या गोष्टीवर सर्वांचे एकमत आहे ती वेगळी काढू दिली जात नाही. मोठ्या सौद्यात गोडवा आणण्यासाठी ती राखून ठेवली जाते. हे दोन्ही पक्षांचे नेते करतात आणि ते मला चुकीचे वाटते. आपण आपल्या प्रतिनिधीच्या मतदारसंघातल्या कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन भेटा, शक्य असेल तर मुलीलाही बरोबर न्या. मी माझ्या प्रतिनिधीला याच आठवड्यात पत्र लिहितो.

चौकट

धागाकर्त्यांचे १७ सदस्यांच्या समितीविषयीचे म्हणणे मला पटले आणि माझा आक्षेप मी तेवढ्यापुरता मागे घेतो. एका ताज्या उदाहरणाची नोंद मात्र करतो. १ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झालेला शटडाऊन स्थलांतरावरून नव्हता, आरोग्यविम्याच्या अनुदानावरून होता. पण तो संपला तो जानेवारी २०१८ सारखाच. बहुमताचे नेते जॉन थून यांनी डिसेंबरमध्ये मतदान घेण्याचे आश्वासन दिले, डेमोक्रॅट गटातल्या आठ जणांनी त्यावर साथ दिली, डिसेंबरमध्ये मतदान झाले आणि साठ मते मिळाली नाहीत. शब्द पुन्हा अक्षरशः पाळला गेला. मतदानाचे आश्वासन म्हणजे काय, याविषयी आता कोणाचा गैरसमज राहू नये.

उत्तररात्र (धागाकर्ता)

म्हणूनच माझा आग्रह आहे, की सरकार सुरू करण्याच्या विधेयकातच जे मिळवायचे ते लिहून घ्यावे, आणि लिहून घेता येत नसेल तर आपल्या लोकांना तसे स्पष्ट सांगावे. २०१९ च्या शटडाऊनमधून कर्मचाऱ्यांना मिळालेली टिकाऊ गोष्ट कोणती? शटडाऊन संपल्यावर थकलेला पगार मिळेलच, असा कायदा त्या जानेवारीत झाला. पूर्वी दर वेळी काँग्रेसच्या मर्जीवर असलेली गोष्ट तेव्हापासून कायद्याची झाली.

पोटोमॅककाठ

त्या कायद्याविषयी एवढेच सांगते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये यजमान पुन्हा बिनपगारी कामावर जाऊ लागले, तेव्हा मी मुलांना सांगितले होते, की या वेळी काळजी नाही, कायदा आहे. पहिला आठवडा उलटायच्या सुमारास प्रशासनातून असा अर्थ पुढे आला, की त्या कायद्याने पगार आपोआप मिळत नाही, काँग्रेसने वेगळा पैसा मंजूर केला तरच मिळतो. यजमानांनी २०१९ च्या कायद्याचा मजकूर छापून आणला आणि आम्ही दोघांनी रात्री जेवणाच्या टेबलावर तो शब्दन्‌शब्द वाचला. आम्हाला त्यात तसे काही दिसले नाही. ४३ दिवसांनी, १२ नोव्हेंबरला, जे विधेयक मंजूर झाले त्यात थकलेला पगार द्यावा असे पुन्हा स्वतंत्रपणे लिहावे लागले, आणि पैसे आले.

तो छापलेला कागद आम्ही पासपोर्टच्या फायलीत ठेवला आहे. शेजारी दोन महिन्यांच्या घरखर्चाचे वेगळे खाते उघडले आहे आणि त्यात दर पंधरवड्याला थोडे थोडे टाकतो.